‘दोष आढळला नाही’ हे उत्तर नव्हे

धावती गाडी मध्येच बंद पडते, चावी फिरवली की काहीच न घडल्यासारखी पुन्हा सुरू होते, आणि गॅरेजात नेली की दिवसभर उभी असताना किंवा चार-दोन किलोमीटर फिरवून आणताना तिच्यात कसलाही बिघाड दिसत नाही. अशा गाडीच्या बाबतीत एक मत आज इतके रूढ होऊन बसले आहे की, त्याला कोणी हरकत घेतली तर ऐकणाराला नवल वाटावे. ते मत असे, की अधूनमधून प्रकट होणाऱ्या दोषाचे निदान होतच नसते. संशयित भाग अनुक्रमाने बदलत जावे, आधी प्लग आणि कॉइल, मग पेट्रोलचा पंप, मग एखाददुसरा सेन्सर, आणि एवढ्यानेही न भागल्यास अखेरीस गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक. जो भाग बदलल्यावर गाडी बंद पडायची थांबेल तोच सदोष होता असे समजून प्रकरण दप्तरी दाखल करावे. हे मत केवळ कच्च्या कारागिराचे असते, तर त्याच्या प्रतिवादासाठी लेखणी उचलण्याचे कारण नव्हते. परंतु आयुष्य गाड्यांखाली घालवलेले, सचोटीचे मेस्त्रीही ते बोलून दाखवतात, कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरांचा शिरस्ता पुष्कळ अंशी त्यावरच चालतो, आणि ज्यांच्या खिशातून हा सारा खर्च होतो ते मालकही, यंत्राचा स्वभावच असा असेल असे मानून, बिलामागून बिल चुकते करतात. मला हे मत मुळातच चुकीचे वाटते. असा दोष शोधून काढणे कठीण असेल, वेळखाऊ असेल, पण तो अज्ञेय नाही. आणि जे सापडत नाही ते बहुतेक वेळा विचारले गेलेले नसते म्हणून सापडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. पेट्रोलच्या बहुतेक गाड्यांत ब्रेकच्या पायपट्टीला जे साहाय्य मिळते, ते इंजिन चालू असताना निर्माण होणाऱ्या निर्वाताचे असते. इंजिन थांबले की ब्रेक नाहीसे होत नाहीत. परंतु साठलेला निर्वात एक-दोनदा पाय दाबण्यापुरताच पुरतो, आणि त्यानंतर तीच पायपट्टी दगडासारखी कठीण होते. स्टिअरिंगही बहुधा जड होते. खंडाळ्याच्या घाटात उतारावर, मागे भरलेले ट्रक असताना, ज्याची गाडी अशी गप्प झाली त्या घाबरलेल्या माणसाने पाय उचलून उचलून ब्रेक मारले, तर जेवढे साहाय्य शिल्लक होते तेवढेही तो स्वतःच्या पायाने संपवतो. पाय एकदाच, घट्ट आणि अखंड दाबून ठेवावा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. अशी गाडी ‘दोष आढळला नाही’ एवढा शेरा मारून ज्याच्या स्वाधीन केली जाते, तो मनुष्य त्याच संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन त्याच घाटातून परतणार असतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम मानला जाणारा आधार म्हणजे स्कॅनर. गाडीच्या संगणकाला यंत्र जोडले, पडद्यावर बिघाडाचा एकही कोड आला नाही, सबब बिघाड नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो ज्या समजुतीवर उभा आहे ती समजूत अशी, की संगणक इंजिनातील प्रत्येक घटनेचा निरपेक्ष साक्षीदार असतो. वस्तुतः तसे नाही. गाडीवरील ही स्वयंनिदानाची व्यवस्था कायद्याने आली ती मुख्यतः धुराच्या प्रदूषणावर नजर ठेवण्यासाठी. अमेरिकेत तिचे आजचे प्रमाणित रूप १९९६ पासून सक्तीचे झाले, आणि आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० मध्ये तिचा पहिला टप्पा व २०१३ मध्ये अधिक तपशीलवार दुसरा टप्पा लागू झाला. ज्या दोषांच्या अटी तिला आगाऊ शिकवून ठेवलेल्या आहेत, त्या अटी ठरलेल्या वेळेपर्यंत पुऱ्या झाल्या तरच ती नोंद करते. क्रँकशाफ्टचा वेग कळवणाऱ्या सेन्सरची तार क्षणभर तुटली, तर इंजिन अजून फिरते आहे हे संगणकाला कळण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. त्याच्या दृष्टीने इंजिन थांबले एवढेच घडते, आणि इंजिन थांबणे हा काही गुन्हा नव्हे, कारण मालक रोज चावी फिरवून ते थांबवतच असतो. अशा प्रसंगी कित्येक गाड्यांत काहीही नोंदले जात नाही. संगणकाचे मौन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला, असे मानणे हा तर्काचा दोष आहे.

कोड आलाच, तर त्याचे वाचनही चुकते. कोड नाव घेतो ते एका विद्युतमार्गाचे. त्या मार्गावर सेन्सर आहे, तारा आहेत, जोडाचे कनेक्टर आहेत, अर्थिंग आहे, आणि दुसऱ्या टोकाला ईसीएम आहे. कोडात सेन्सरचे नाव दिसले की सेन्सरच बदलायचा, हा प्रकार ‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ह्या म्हणीत अचूक बसतो. त्याहूनही मला ज्याचे दुःख वाटते ती गोष्ट अशी, की गाडी आत घेतल्याबरोबर बॅटरीची तार काढून किंवा स्कॅनरचे बटण दाबून सर्व नोंदी पुसून टाकण्याची सवय पुष्कळ ठिकाणी पडली आहे. कोडाबरोबरच संगणक त्या क्षणाची स्थितीही जपून ठेवतो : इंजिनाचे फेरे किती होते, पाण्याचे तापमान किती होते, गाडीचा वेग काय होता, इंजिनावर भार किती होता. जो दोष पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नाही, त्याचा हाती आलेला एकमेव लेखी पुरावा वाचण्यापूर्वीच नष्ट करणे, आणि नंतर पुरावा नाही म्हणून तक्रार निकाली काढणे, याला तपास म्हणता येणार नाही.

आता ज्या साक्षीदाराला ही मंडळी मुळी बोलूच देत नाहीत, त्याच्याकडे वळू. तो म्हणजे गाडी चालवणारा. चालकाच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, त्याला यंत्रातले काही कळत नाही, तो घाबरलेला असतो आणि वाढवून सांगतो, असे मेस्त्री म्हणतात. त्याने काढलेल्या अनुमानांवर विसंबू नये, हे मला मान्य आहे. पंप गेला असेल की काय हे ठरवणे त्याचे काम नाही. परंतु त्याने जे पाहिले आणि ऐकले, ते दुसऱ्या कोणीही पाहिलेले नसते. पाचगणीहून वाईला नोकरीसाठी जाणारे-येणारे माझे एक नातलग शिक्षक आहेत. त्यांची लहान गाडी पसरणीच्या घाटात अधूनमधून बंद पडू लागली, आणि शहरातल्या एका नावाजलेल्या गॅरेजात त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की, चढावर वळण घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताना ती बंद पडते, फेऱ्यांचा काटा एकदम शून्यावर येतो, आणि चावी फिरवताच लगेच सुरू होते. ह्या एका वाक्यात दोषाचे अर्धे निदान होते. जॉब कार्डावर मात्र लिहिले गेले ते एवढेच : ‘गाडी अधूनमधून बंद पडते.’ वाक्यातील घाट गेला, दुसरा गिअर गेला, क्लच गेला, काटा गेला. उरले ते कोणत्याही गाडीविषयी लिहिता येईल असे एक निराकार विधान, आणि त्या विधानाच्या आधारे पंप बदलला गेला, कॉइल बदलली गेली, थ्रॉटल बॉडी साफ झाली, आणि सपाट रस्त्यावर गाडी चालवून ती ठीक असल्याचा निर्वाळा मिळाला.

दोष सापडला तो वाईतल्या एका वयस्क मेस्त्र्यांकडे. त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी जो प्रश्न विचारला तो असा, की हे सुरू होण्याच्या आधी गाडीचे कोणते काम केले होते? क्लच-प्लेट बदलली होती, असे उत्तर आले. मग त्यांनी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, शिक्षकांना ब्रेकवर पाय ठेवून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडायला सांगितले, आणि स्वतः बॉनेटखाली टॉर्च धरून उभे राहिले. भार पडताच इंजिन आपल्या रबरी आधारांवर मागे कलले, जसे ते प्रत्येक चढावर कलत असणार. आणि गिअरबॉक्सच्या वरून क्रँक सेन्सरकडे जाणारी तारांची जुडी ताठ झाली. ती जुडी धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप जागेवर नव्हती; क्लचच्या कामात निघाली ती परत बसलीच नव्हती, आणि त्यामुळे तारांना जी ढील हवी ती राहिली नव्हती. इंजिन स्लोवर ठेवून त्यांनी ती जुडी दोन बोटांनी किंचित ओढली. इंजिन तत्काळ बंद. पुन्हा सुरू करून पुन्हा ओढली, पुन्हा बंद. वरचे आवरण शाबूत होते, आतले तांबे तुटले होते. इंजिन जागेवर आले की तुटलेली टोके एकमेकांना टेकत, कलले की सुटत. तुटका तुकडा काढून नवी तार डाखली, क्लिप बसवली, आणि काम संपले. ह्या निदानात एकही महागडे उपकरण वापरले गेले नाही. जे वापरले गेले ते चालकाचे म्हणणे, आणि ते म्हणणे खरे मानून तीच परिस्थिती गॅरेजात उभी करण्याची बुद्धी.

हे एका हुशार माणसाचे अपवादात्मक कौशल्य होते, असे कोणी म्हणेल. ते पटण्यासारखे नाही, कारण विचारण्याचे प्रश्न थोडे आणि ठरीव आहेत, आणि ते कोणत्याही उमेदवार पोराला शिकवता येतात. गाडी दिव्याचे बटण बंद करावे तशी एका क्षणात गेली, की आधी झटके खात, पिकअप हरवत, गुदमरत गेली? क्षणात गेली असेल तर संशय विजेच्या बाजूकडे वळतो : चावीचा स्विच, मुख्य रिले, अर्थिंग, क्रँक सेन्सर, ईसीएमचा पुरवठा. गुदमरत गेली असेल तर पेट्रोलच्या बाजूकडे : पंप, फिल्टर, टाकीतला कचरा. ती गेली तेव्हा समोरच्या फलकावर काय दिसले? सगळाच फलक काळोखला असेल, तर विजेचा मूळ पुरवठाच तुटला; तेलाचा आणि बॅटरीचा दिवा लागला असेल, तर चावीचा पुरवठा शाबूत असून केवळ इंजिन थांबले. गाडी गिअरमध्ये असून चाके अजून इंजिनाला फिरवीत असताना फेऱ्यांचा काटा हळूहळू उतरला, की गाडी धावत असूनही शून्यावर कोसळला? कोसळला असेल, तर इंजिन फिरत असूनही ते फिरत असल्याची वार्ता काट्यापर्यंत पोहोचेनाशी झाली, आणि ती वार्ता बहुतेक गाड्यांत क्रँक सेन्सरकडूनच निघते. ती परत कशी सुरू झाली, लगेच की अर्ध्या तासाने? क्रँक सेन्सरच्या आतली बारीक तारेची गुंडाळी तापल्यावर उघडते आणि निवल्यावर जुळते, हा प्रकार इतका परिचित आहे की, लांबच्या प्रवासात गरम होऊन बंद पडणारी व झाडाखाली विसावली की सुरू होणारी गाडी दिसताच तो सेन्सर गरम हवेने तापवून पाहणे हे पहिले काम असावयास हवे. सिग्नलजवळ ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताना बंद पडते की भर वेगात? पाय काढताना पडत असेल तर थ्रॉटल बॉडीतली काजळी किंवा हवेची गळती आधी पाहावी. टाकी भरल्यानंतर लगेच पडते काय? तर टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडाच अडकला असण्याचा संभव आहे. टाकी कमी असताना, वळणावर? तर पेट्रोल पंपाच्या तोंडापासून दूर सरकत असेल. हे प्रश्न न विचारता सुरू केलेली दुरुस्ती म्हणजे साप समजून भुई धोपटणे होय.

जुन्या गाड्या सोप्या होत्या, तिथे हे चालत असे, आताच्या गाड्यांत ते शक्य नाही, असाही एक आक्षेप घेतला जातो. जुन्या काळाविषयी मला निष्कारण ममत्व नाही. परंतु वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी, जी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावली, तीही घाटात बंद पडत असे, आणि तिचे चालक काय करीत हे आठवण्यासारखे आहे. ते एअर क्लीनर काढून हाताने थ्रॉटल हलवीत, आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची पिचकारी उडते की नाही ते पाहत. मग एका प्लगची तार काढून इंजिनाच्या अंगाशी धरून ठिणगी उडते की नाही ते पाहत. क्षणार्धात प्रकरणाचे दोन भाग होत : पेट्रोल नाही, की करंट नाही. पेट्रोल नसेल आणि इंजिन तापलेले असेल, तर नळीत वाफ धरली असे समजून इंजिनाच्या अंगावर बसवलेल्या पंपावर ते ओले फडके घालीत आणि वाट पाहत. ठिणगी नसेल तर पॉइंट आणि कंडेन्सर. आधी विभागणी, मग शोध, मग उपाय, ही पद्धत कार्ब्युरेटरची मालमत्ता नव्हे. इंजिनाला तेव्हाही पेट्रोल, ठिणगी आणि दाब योग्य वेळी लागत असत, आजही लागतात. आज फक्त ठिणगी हाताने पाहण्याऐवजी मल्टिमीटरने व स्कॅनरच्या चालू आकड्यांनी पाहावी लागते. आजच्या साधनांनी तर जे तेव्हा अशक्य होते तेही शक्य झाले आहे, कारण धावत्या गाडीतले आकडे नोंदवून ठेवता येतात. साधने वाढली आणि पद्धत सोडली गेली, ही खरी हानी आहे.

प्रतिपक्षाचे सर्वांत प्रभावी म्हणणे मात्र अजून बाकी आहे, आणि ते असे, की भाग बदलल्याने पुष्कळ गाड्या खरोखरच ठीक होतात. होतात, यात संशय नाही. आणि पंप खरोखरच नादुरुस्त असतात, यातही नाही. मारुती सुझुकीने जुलै २०२० मध्ये वॅगन आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या संशयावरून परत बोलावल्या. मार्च २०२४ मध्ये ह्याच दोन गाड्यांपैकी आणखी १६,०४१. होंडाने एप्रिल २०२१ मध्ये भारतात ७७,९५४ गाड्यांचे पंप बदलण्याचे जाहीर केले. २०२० पासून टोयोटा व होंडा यांनी अमेरिकेत पंपासाठी मोठ्या संख्येने ज्या गाड्या परत बोलावल्या, त्यामागचे कारणही उघड झालेले आहे : पंपातले प्लास्टिकचे चक्र पुरेशा घनतेचे नव्हते, ते इंधन शोषून फुगत असे, आणि फुगले की पंपाच्या अंगाला घासून अडत असे. परंतु ह्या उदाहरणांतून जो निष्कर्ष निघतो तो प्रतिपक्षाच्या उलट आहे. कंपनीला पंपाचा दोष कळला तो पंप उघडून, मोजून, कारण शोधून; अंदाजाने भाग बदलून नव्हे. आणि तुमच्या गाडीचा पंप गेला आहे की नाही हे इंधनाच्या वाटेवर दाबाचे मापक लावून, आणि पंपाच्या टोकाशी पुरेसे व्होल्ट पोहोचतात की नाही हे पाहून, तो विकत घेण्यापूर्वीच ठरवता येते.

‘बदलले आणि बरे झाले’ ह्या पुराव्याची किंमतही नीट ठरवली पाहिजे. जो दोष स्वतःहूनच आठवडेच्या आठवडे दिसेनासा होतो, त्याच्या बाबतीत एखादा भाग बदलल्यानंतर तो दिसला नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. हा शुद्ध काकतालीय न्याय आहे. शिवाय एक बारीक गोष्ट आहे, जी हाताने काम करणाऱ्यालाच कळते. पंप बदलताना मागचे आसन उचलले जाते, कनेक्टर काढून पुन्हा घट्ट बसवले जातात, तारा हलतात, कधी बॅटरीची टोके साफ करून आवळली जातात. गंजलेला अर्थिंगचा जोड किंवा सैल झालेली कनेक्टरची पिन ह्या हालचालीनेच तात्पुरती जुळते. श्रेय पंपाला जाते, गाडी पुढे महिनाभर नीट चालते, आणि मग तोच दोष परत आला की पंपाचा विचार कायमचा वगळून दुसऱ्या भागाकडे बोट दाखवले जाते. अशा रीतीने प्रत्येक खोटा उपाय पुढच्या तपासाची दिशाही बिघडवतो. त्यात बाजारातला हलक्या दर्जाचा सेन्सर बसवला गेला, तर जुन्या दोषात एका नव्या दोषाची भर पडते, आणि मग दोहोंची लक्षणे मिसळून खरोखरच कोणालाही काही उमगेनासे होते.

अलीकडे सगळा दोष वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर ढकलण्याचीही प्रथा पडली आहे. इथेनॉलने इंधनाची ऊर्जा थोडी कमी होते, ते पाणी शोषते, जुन्या टाकीतला मळ सोडवते, आणि जुन्या गाड्यांतल्या रबरी नळ्यांना ते मानवेलच असे नाही. हे खरे आहे. पण खराब इंधनाने गाडी त्या टाकीभर सातत्याने ओढाताण करते. दहा किलोमीटर सुरळीत धावून एका क्षणात संपूर्ण निश्चल होणे आणि दुसऱ्या क्षणी निर्दोष चालणे, हे इंधनाचे लक्षण नव्हे.

राहता राहिला वेळेचा मुद्दा, आणि तो मी गंभीरपणे घेतो. गॅरेजवाला म्हणतो, दोष प्रकट होण्याची वाट पाहत मी माणूस किती दिवस अडकवून ठेवू? मालक त्या वेळेचे पैसे देत नाही. भागाचे मात्र देतो. ह्यात अन्याय आहे, आणि तो मालकांच्या बाजूचा आहे : निदान हे स्वतंत्र काम आहे, त्याचा स्वतंत्र मोबदला दिला पाहिजे, हे आपण गाडीवाले कबूल करीत नाही. पण वेळ वाचवण्याचे मार्गही आहेत. दोन लहान टेस्ट-लॅम्प घ्यावे. एक पंपाच्या पुरवठ्याच्या तारेला, दुसरा कॉइलच्या पुरवठ्याच्या तारेला फ्यूजसह जोडावा, आणि दोन्ही चालकाला नजर न हलवता दिसतील असे फलकाच्या कडेला चिकटवून गाडी मालकाला देऊन टाकावी. गाडी बंद पडू लागताच, इंजिन अजून फिरत असताना, कोणता दिवा विझला आणि कोणता जळत राहिला, एवढेच त्याने येऊन सांगायचे; कारण इंजिन पूर्ण थांबल्यावर पंपाचा पुरवठा संगणक बहुधा स्वतःच तोडतो. पंपाचा विझला तर पंपाचा रिले, त्याच्या तारा, किंवा इंजिन फिरत असल्याची वार्ता संगणकाला देणारा क्रँक सेन्सरचा मार्ग. दोन्ही विझले तर मुख्य रिले, चावीचा स्विच, मूळ पुरवठा. दोन्ही जळत राहिले तर पुरवठ्याच्या पलीकडे शोध घ्यावा. ह्यात मेस्त्र्याचा थोडासाच वेळ जातो आणि पाळत ठेवण्याचे काम मालक स्वतःच करतो. वेळ नाही म्हणून पंप बदलला, असे सांगणाऱ्याने ह्या दोन दिव्यांची किंमत आणि एका पंपाची किंमत शेजारी शेजारी मांडून पाहावी.

तक्रार जशीच्या तशी न लिहिण्याची ही सवय किती दूरवर जाऊ शकते, याचे दाखले अमेरिकेच्या न्यायदप्तरात आहेत. फोर्ड कंपनीने १९८० च्या दशकात लाखो गाड्यांत ठिणगीवर नियंत्रण ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल डिस्ट्रिब्यूटरच्या अंगालाच, इंजिनाच्या उष्णतेत, बसवले होते. ते तापले की काम सोडी, गाडी धावत असता बंद पडे; आणि निवले की पुन्हा चाले, म्हणून तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने ह्या बाबतीत कंपनीला दोषी धरले ते २००० साली, आणि पुढे तडजोड झाली. जनरल मोटर्सचे प्रकरण तर अधिक भयंकर आहे. तिच्या काही लहान गाड्यांतला चावीचा स्विच इतका ढिला होता की, जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने तो धावत्या गाडीत मागे सरके. इंजिन बंद होई, आणि त्याबरोबर एअरबॅगही निकामी होत. लोकांनी तक्रारी केल्या. अभियंत्यांनी चालती गाडी बंद पडणे ही सुरक्षिततेची नव्हे, ग्राहकांच्या सोयीची बाब म्हणून वर्ग केली. २००५ मध्ये दुरुस्तीवाल्यांना जे पत्रक गेले, त्यात चावीच्या जुडग्यातल्या जड वस्तू काढाव्यात असा सल्ला होता. २००६ मध्ये स्विचमध्ये गुपचूप सुधारणा झाली, परंतु भागाचा क्रमांक तोच ठेवला गेला, आणि त्यामुळे पुढे शोध घेणाऱ्यांची वर्षे वाया गेली. अखेर जुना व नवा स्विच उघडून शेजारी ठेवले तेव्हा फरक डोळ्यांना दिसला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१५ मध्ये कंपनीने सरकारशी ९० कोटी डॉलरांचा समझोता केला.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आले. सदोष वाहने परत बोलावण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्याने केंद्र सरकारला मिळाला, आणि ह्या अधिकाराच्या वापरासाठी एकाच जातीच्या वाहनांच्या ठरावीक प्रमाणात मालकांकडून दोष कळवला जाणे हा एक आधार ठेवला आहे. ज्या दोषाची नोंद ‘दोष आढळला नाही’ ह्या तीन शब्दांत गाडली गेली, तो दोष ह्या मोजणीत कधीच येणार नाही. म्हणून गॅरेजातले जॉब कार्ड हे केवळ बिलाचे पूर्वपत्र नाही. पुढे काही घडले तर तो पुराव्याचा कागद ठरतो.

ज्यांची गाडी अशी बंद पडत असेल त्यांना माझी विनंती आहे. गाडी कोठे, कोणत्या गिअरमध्ये, किती वेगात, चढावर की सपाटीला, गरम की थंड, दिवे कोणते लागले, काटा कसा पडला, परत कशी सुरू झाली आणि त्यापूर्वी कोणते काम केले होते, हे प्रत्येक वेळी त्याच दिवशी लिहून ठेवा. गाडी देताना ते सगळे जॉब कार्डावर तुमच्याच शब्दांत उतरवून घ्या. उतरवल्याखेरीज सही करू नका. कोणताही भाग बदलण्यापूर्वी तो सदोष असल्याचे कोणत्या मोजमापावरून ठरले हे विचारा, आणि काढलेला भाग परत मागून घ्या. आणि दोष शोधून देणाऱ्या मेस्त्र्याला, एकही भाग बदलला नसला तरी, त्याच्या निदानाचे पूर्ण पैसे द्या.